डिश कोण फिरवतं? सूर्याचे ठोके, कल्याणच्या ३२ डिश आणि एक दुरुस्ती

आजचा भाग म्हणजे खरं तर दुरुस्ती आहे. मागच्या भागात मी मोठ्या उत्साहात सांगितलं होतं की घणसोली गावातल्या आमच्या गच्चीवरून, साध्या डीटीएचच्या डिशने, आम्ही सूर्याचे पाच मिनिटांचे ठोके पकडले. ते चूक होतं. ठोके होते, पाच मिनिटांचेच होते, फक्त ते सूर्याचे नव्हते. कोणाचे होते ते सांगतो, पण जरा दमाने. मधल्या रस्त्यात कल्याण लागतं, पुणं लागतं, जपान लागतं, आणि खरे ठोके कसे ओळखतात तेही त्याच रस्त्यावर आहे.

(वाचणाऱ्यांसाठी: बोलताना गाळलेले काही आकडे इथे घातलेत. ऐकताना आकडे कानावरून जातात, वाचताना थांबता येतं.)

आधी ज्यांनी मागचा भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी. सूर्य रेडिओ लहरी सोडतो, हे तुम्हाला माहीत नसलं तरी तुमच्या केबलवाल्याला माहीत असतं. दरवर्षी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या आसपास, काही दिवस, ठरावीक वेळेला पाच-दहा मिनिटं चित्र फुटतं. त्याला ते लोक 'सन आउटेज' म्हणतात. उपग्रह आकाशात एका जागी उभा असतो आणि त्या दिवसांत सूर्य नेमका त्याच्या पाठीमागे येतो. डिशला उपग्रहाची कुजबुज ऐकायची असते आणि मागून सूर्य ओरडत असतो. शेअर बाजाराचं काम व्हीसॅटवर चालायचं तेव्हा या काही मिनिटांसाठी ट्रेडिंगच्या वेळा बदलल्याची परिपत्रकं निघायची. म्हणजे सूर्याच्या रेडिओ आवाजाची दखल दलाल स्ट्रीटनेही घेतलेली आहे.

आम्ही याच्या उलट केलं. उपग्रह सोडला आणि डिश मुद्दाम सूर्याकडे वळवली. साठ सेंटिमीटरची जुनी डिश, तिचा एलएनबी, आणि डिश बसवणारी मुलं वापरतात तो सॅटेलाइट फाइंडर. सिग्नल वाढला की फाइंडर टीं टीं करतो आणि सुई उजवीकडे जाते. सूर्याकडे डोळ्यांनी बघायचं नाही, हे पुन्हा सांगतो. एलएनबीची सावली डिशवर कुठे पडते ते बघून नेम धरायचा.

[इथे फाइंडरचा आवाज आहे. आधी खरखर, मग सूर्यावर डिश आली की एकदम टींईईई.]

हा आवाज आमच्या घरमालक काकांनी ऐकला आणि ते वर आले. गावातलं घर, वर तीन मजले चढवलेले, गच्चीवर टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. ते म्हणाले, "सूर्य वाजतोय होय? मग रात्री बंद होतो का?" मी हसलो. नंतर कळलं की प्रश्न माझ्यापेक्षा हुशार होता. सूर्य नसताना यंत्र काय म्हणतं, हे मी तपासलंच नव्हतं.

डिश सूर्याच्या मागे मागे फिरवायची तर माणूस सतत गच्चीवर पाहिजे. माझा भाचा नववीत आहे. त्याने गाडीच्या वायपरची मोटर, एक टायमर आणि रिले जोडून डिश फिरवायची सोय केली. फिरण्याचा आस ध्रुवाच्या दिशेने १९ अंश वर तिरका धरला, कारण आपलं अक्षांशही तेवढंच. मोटर सतत चालली तर तापते, म्हणून तो तिला अधूनमधून एक धक्का देत होता. किती वेळाने, हे त्याने मला सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नव्हतं. फाइंडरच्या सुईच्या तारांमधून व्होल्टेज काढून लॅपटॉपवर नोंदत होतो, त्यातच मी खूश.

तीन तासांच्या नोंदीचा आलेख काढला. दर पाच मिनिटांनी एक टेकडी! नीट, सारख्या अंतरावर, दहा-अकरा टक्क्यांचा चढउतार. आणि पाच मिनिटं हा सूर्याचा जगप्रसिद्ध आकडा आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट लेटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सूर्याच्या पृष्ठभागाचे तुकडे साधारण पाच मिनिटांच्या तालात वरखाली होतात. सूर्याच्या पोटात कोंडलेल्या ध्वनिलहरींमुळे हे होतं. हा आकडा माझ्या डोक्यात आधीपासून बसलेला होता. आलेखात पाच दिसल्यावर मी दुसरं काही शोधलंच नाही. भाग ध्वनिमुद्रित केला, टाकला. भाच्याने तोच आलेख शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मोठ्या कार्डशीटवर काढायला घेतला.

चार दिवसांनी ई-मेल आला. कल्याणच्या एक श्रोत्या, निवृत्त शिक्षिका. गणित शिकवायच्या. आधी दोन ओळी कौतुकाच्या आणि मग एकच प्रश्न: "तुमची डिश कोण फिरवतं, आणि किती मिनिटांनी?"

मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, पाच मिनिटांनी. सांगितलं होतं ना."

आता हिशोब बघा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सूर्य आकाशात चार मिनिटांत एक अंश सरकतो. पाच मिनिटांत सव्वा अंश. साठ सेंटिमीटरच्या डिशला या लहरींत जेवढं आकाश एका वेळी 'दिसतं' त्याची रुंदी तीनेक अंश. सूर्य दिसणाऱ्या पट्ट्याच्या एका बाजूला असतो, मधोमध येतो, दुसऱ्या बाजूला सरकतो, आणि मग मोटर धक्का देते, की पुन्हा पहिल्या बाजूला. सव्वा अंशाच्या या सरकण्याने सिग्नल किती पडेल? साधारण अकरा टक्के. तेवढाच तर चढउतार होता! बाईंनी हे कागदावर केलं असणार. मी गच्चीवर उभा राहूनही केलं नव्हतं.

तरी मला आशा होती. मग आम्ही टायमर पाचाऐवजी तीन मिनिटांवर लावला आणि पुन्हा नोंद घेतली. टेकड्या तीन मिनिटांवर आल्या आणि उंचीही निम्म्याहून कमी झाली, पाचेक टक्क्यांपेक्षा कमी. सूर्याला आमच्या टायमरची खबर लागली असेल असं मानायची माझी तयारी नव्हती. शेवटी मोटर बंद करून डिश एका जागी ठेवली. बारा-एक मिनिटांची एकच गोल टेकडी आली आणि संपलं. सूर्य समोरून गेला, बस.

हे सगळं झाल्यावर मी बाईंना उत्तर लिहिलं आणि विचारलं की तुम्हाला हे सुचलं कसं. त्यांनी लिहिलं की कल्याणला पूर्वी सूर्याकडे बघणाऱ्या बऱ्याच डिश होत्या हे त्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल वाचताना पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा लक्षात राहिला होता. मला लाज वाटली. खगोलशास्त्रावर बोलणारा माणूस मी, घणसोलीहून ठाण्याला गाडी बदलली की तासाभरात कल्याण, आणि भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण तिथे होती हे मी आजवर एकदाही सांगितलं नाही.

तर कल्याणची गोष्ट. ती सुरू होते ऑस्ट्रेलियात. सिडनीजवळ पॉट्स हिल नावाच्या ठिकाणी क्रिस्टिअनसन यांनी सहा फुटी डिशची एक रांग उभारली होती, सूर्य बघायला. एकूण ३२ डिश. १९५३ साली गोविंद स्वरूप नावाचा तरुण कोलंबो योजनेतून तिथे शिकायला गेला. मूळचे उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाराचे, पण पुढे आयुष्यभर पुण्याशी जोडले गेलेले, तेच हे गोविंद स्वरूप. तिथल्या लोकांना नवं यंत्र उभारायचं होतं आणि या डिश मोडीत निघणार होत्या. स्वरूप म्हणाले, आम्हाला द्या. ऑस्ट्रेलियाने भेट म्हणून द्यायचं ठरवलं. मग बोटीचं भाडं कोणी द्यायचं यावर गाडी अडली. (हे वाचून कोणाला आश्चर्य वाटणार नाही.) डिश अखेर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आल्या खऱ्या, पण तोवर स्वरूप अमेरिकेला गेले होते. टेक्सासमध्ये काम करताना त्यांना आणि ॲलन मॅक्सवेल यांना सूर्याच्या रेडिओ स्फोटांचा एक नवा प्रकार सापडला. आलेखावर इंग्रजी 'यू' अक्षर उलटं ठेवल्यासारखा दिसतो, म्हणून टाइप यू. नंतर स्टॅनफर्डला डॉक्टरेट. १९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून देशात परतून काम करण्याचा प्रस्ताव पाठवला, होमी भाभांनी तो उचलून धरला, आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. दिल्लीतल्या डिश मागवून घेतल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला उभ्या केल्या. २४ डिश पूर्व-पश्चिम, ६३० मीटरच्या ओळीत. उरलेल्या ८ दक्षिणोत्तर, २५६ मीटरमध्ये. फ्रिक्वेन्सी ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी ४९ सेंटिमीटर.

आता माझ्या चुकीशी याचा संबंध. अशी रांग आकाशात एकच मोठा डोळा उघडत नाही, ती बारीक उभ्या पट्ट्या पाडते. खिडकीच्या गजांसारख्या, फक्त उलट: गजांमधून दिसतं आणि मधल्या फटीत आंधळं. आकडे मीच काढून बघितले. २४ डिश सारख्या अंतरावर धरल्या तर शेजारच्या दोघींत २७ मीटर. त्यावरून दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण एक अंश येतं. एकेका पट्टीची जाडी दोन-तीन कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला). सूर्य अर्ध्या अंशाचा, म्हणजे ३० कलांहून थोडा मोठा. तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे एका पट्टीतून हळूहळू सरकतो, तेव्हा त्याचा एकेक उभा काप मोजला जातो. तो पूर्ण बाहेर पडतो, आणि थोड्या वेळाने पुढची पट्टी त्याला गाठते. पुन्हा तेच. एक अंशाला चार मिनिटं, म्हणजे कागदावर दर चार मिनिटांच्या आसपास सूर्याची एक प्रत उमटणार.

म्हणजे कल्याणच्या नोंदीतही पृथ्वीच्या फिरण्यामुळे येणारा ताल होता. माझ्यासारखाच, जवळजवळ तेवढ्याच मिनिटांचा. फरक इतकाच की त्यांना तो कुठून येतो हे माहीत होतं, त्यांनी तो मुद्दाम वापरला आणि त्यातून सूर्याचा आकार काढला. मी त्याच तालाला सूर्याचं हृदय म्हणालो!

काळही चांगला निवडला गेला. सूर्याचं ११ वर्षांचं चक्र १९६४च्या सुमारास तळाला होतं. डाग कमी, ज्वाला कमी. गोंगाट नसताना मूळ सूर कसा आहे हे तेव्हा ऐकू येतं. स्वरूप, विजय कपाही, इस्लूर आणि सिन्हा यांचा शांत सूर्यावरचा निबंध १९६६ मध्ये 'नेचर'मध्ये आला. सूर्याच्या कडा या लहरींत मधल्या भागापेक्षा जास्त तेजस्वी दिसतात आणि प्रभामंडलाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, असं कल्याणच्या निरीक्षणांतून दिसलं. कडा का तेजस्वी? तिथे आपली नजर तापलेल्या वायूतून तिरकी जाते, जास्त लांब जाते. धुक्यात समोरच्या इमारतीकडे बघणं आणि खाडीपलीकडे बघणं, तसंच.

(प्रभामंडल म्हणजे करोना. पण 'करोना' म्हटलं की आता सगळ्यांना मास्क आठवतो, म्हणून आपला जुना शब्द.)

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी सूर्याच्या वेगवेगळ्या उंचीवरून येतात. प्लाझ्मा जितका दाट, तितकी त्याची एक किमान मर्यादा वर. त्या मर्यादेखालची लहर तिथून बाहेर पडूच शकत नाही. एका घन सेंटिमीटरमध्ये १० कोटी इलेक्ट्रॉन असले तर ही मर्यादा ९० मेगाहर्ट्झच्या आसपास येते, आपल्या एफएम पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ. वर जाल तसा प्लाझ्मा विरळ, मर्यादा खाली. म्हणजे रेडिओचं बटण फिरवणं म्हणजे सूर्याच्या जिन्यावर चढणं-उतरणं. आमची डीटीएचची डिश, ११-१२ गिगाहर्ट्झ, अगदी खालच्या पायऱ्या बघते: दृश्य पृष्ठभागाच्या जरा वरचा थर, दहा-बारा हजार अंशांचा. कल्याणचं यंत्र त्याच्या वरचं बघत होतं, प्रभामंडलाचा खालचा भाग. शंभर-दोनशे मेगाहर्ट्झवर अजून वर.

आता खरे ठोके. सूर्याच्या रेडिओ लहरींत ते आहेत, यात शंका नाही. मग आमच्या डिशला ते दिसले का नाहीत? गोकुळाष्टमीला रस्त्यावर एकाच वेळी दहा ढोल-ताशा पथकं आपापल्या तालात वाजवत असली तर लांबून काय ऐकू येतं? नुसता गदारोळ. प्रत्येकाचा ताल असतो, पण ते एकमेकांना पुसून टाकतात. सूर्याच्या पृष्ठभागावर असे असंख्य तुकडे आपापल्या वेळेला वरखाली होत असतात. तीन अंशांची आमची डिश अख्खा सूर्य एकत्र गोळा करते, त्यात पाच मिनिटांचा ताल टक्क्याच्याही अगदी छोट्या अंशाइतका उरतो. दहा टक्के दिसले तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते. जास्त छान आलेख हीच खरं तर धोक्याची खूण होती.

मग ताल ऐकायचा तर एक पथक वेगळं काढा. जपानमध्ये नोबेयामाला हेच करत. त्यांच्या डिश केवढ्या असतील? ८० सेंटिमीटर! आमच्या डिशहून वीतभर मोठ्या. पण अशा ८४, इंग्रजी टी अक्षराच्या आकारात मांडलेल्या, १९९२ पासून २०२० पर्यंत रोज सूर्य बघत होत्या, १७ गिगाहर्ट्झवर. एवढ्या डिश मिळून सूर्याचं चित्र काढता येतं आणि त्यातून एकच सौरडाग निवडता येतो. डागाच्या वर इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात आणि त्या गिरकीच्या वेगाच्या पटीत रेडिओ लहरी सोडतात. एका गाउसला २.८ मेगाहर्ट्झ, तिसरी पट घेतली तर १७ गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे दोन हजार गाउसचा थर. मोठ्या डागांवर एवढं चुंबकत्व असतं. तो थर दर तीन मिनिटांच्या आसपास उजळतो आणि मंदावतो. पाच नाही, तीन. हे डागातून वर जाणाऱ्या लाटांचे ठोके आहेत आणि ते मोटरचे नाहीत.

दुसरा मार्ग: एक पथक इतक्या जोरात वाजायला हवं की बाकीचे झाकले जातील. सौरज्वाला म्हणजे तेच. एक जागा काही मिनिटांसाठी अख्ख्या सूर्यापेक्षा जास्त रेडिओ लहरी सोडू शकते, आणि अशा वेळी सिग्नलमध्ये कधी सेकंदांचे, कधी मिनिटांचे ठोके दिसतात. घड्याळासारखे काटेकोर नसतात, आठ-दहा ठोके पडतात आणि विरतात. खाडीच्या लाटा किनाऱ्याला लागतात तसे: ताल असतो, पण मोजायला बसलात तर अंतर थोडं मागेपुढे. १९६९ मध्ये पार्क्स आणि विंकलर यांनी एका ज्वालेत सोळा सेकंदांच्या अंतराने येणारे क्ष-किरणांचे ठोके नोंदले होते, आणि त्याच वेळी सूक्ष्मलहरींतही तोच ताल होता. दोन वेगवेगळी यंत्रं, एकच ताल. माझ्याकडे दुसरी डिश असती आणि तिचा टायमर वेगळा असता, तर मीही वाचलो असतो.

हे ठोके येतात कुठून, यावर दोन घराणी आहेत असं समजा. एक म्हणतं, घंटा. देवळातली घंटा तुम्ही एकदाच वाजवता, पण ती आपल्या मापाने घुमत राहते. सूर्यावरच्या चुंबकीय कमानी ज्वालेचा धक्का बसला की अशाच हलतात. १९९९ मध्ये ट्रेस या उपग्रहाच्या चित्रांत या कमानी हलताना लोकांनी प्रत्यक्ष पाहिल्या. घंटेच्या सुरावरून तिचं माप कळतं, तसं कमानीच्या तालावरून तिथलं चुंबकत्व काढता येतं. प्रभामंडलातलं चुंबकत्व थेट मोजणं फार अवघड, म्हणून या वाटेला एवढी किंमत.

दुसरं घराणं म्हणतं, नळ. नळाला पाण्याचा दाब एकसारखा असतो, पण चावी सैल असेल तर पाणी थेंब थेंब पडतं, आणि थेंबांना ताल असतो. कोणी वाजवत नाही, काही घुमत नाही. पुरवठाच हप्त्याहप्त्याने होतो. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना ऊर्जा अशीच हप्त्यांनी सुटत असेल, असं यांचं म्हणणं.

यातलं कोण बरोबर, याचं एकच उत्तर नाही. पण एका प्रकरणात पुण्यातून फार नेमकं काम झालेलं आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले अतुल मोहन, सुरजित मंडल, दिव्य ओबेरॉय आणि अमेरिकेतले कॉलिन लॉन्सडेल यांचा निबंध २०१९ मध्ये आला. हे केंद्र म्हणजे गोविंद स्वरूपांनीच उभी केलेली परंपरा. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी यांचीच. या कामासाठी मात्र त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीची नोंद वापरली. तिथे डिश नाहीत, वाळवंटी जमिनीवर कोळ्यांसारखे दिसणारे छोटे अँटेना आहेत. (घणसोलीत कोळी म्हटलं की होडी आठवते. हे जाळं विणणारे, आठ पायांचे.)

ते बघत होते टाइप थ्री नावाचे स्फोट, तेही कमजोर. सूर्यावर खाली कुठेतरी इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो आणि प्रचंड वेगाने, प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या, बाहेर पळत सुटतो. जिन्याची गोष्ट आठवा: झोत वर जातो तसा रेडिओचा सूर सेकंदांत खाली उतरतो. या स्फोटांच्या तेजात काही सेकंदांचा ताल होता. आणि इथे बाईंचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो: हलतंय कोण?

कारण मधे वाट आहे. रात्री खाडीकडे गेलात तर पलीकडच्या भांडुप-कांजूरच्या बाजूचे दिवे पाण्यात थरथरताना दिसतात. दिवे स्थिर असतात, पाणी हलत असतं. सूर्याचं प्रभामंडल असंच खळबळतं, त्यातून येणारी लहर विखुरते, स्रोत पसरट दिसतो, जागेवर थरथरतो. या मंडळींनी सेकंदाच्या अंशाइतक्या अंतराने चित्रं काढली आणि पाहिलं की तेजाबरोबर स्रोताचा आकार आणि कलही त्याच तालात बदलतोय. विखुरण्याने येणारी थरथर तर बिनतालाची असते. मग वाट सुटली. मग घंटा? कमान हलून आकार एवढ्या लवकर, एवढा मोठा बदलायचा असेल तर चुंबकीय लाटांचा वेग तिथल्या नेहमीच्या सेकंदाला ५०० किलोमीटरच्या जवळजवळ शंभरपट लागेल. एवढा तो नसतो. घंटाही सुटली. उरला नळ: जिथून इलेक्ट्रॉन सुटतात, तिथेच काहीतरी त्यांना हप्त्याहप्त्याने सोडतंय.

मला यातलं उत्तर आवडलंच, पण जास्त आवडला तो क्रम. आधी वाट तपासली, मग नेहमीचं स्पष्टीकरण तपासलं, आकडा बसत नाही म्हणून सोडून दिलं. मी माझ्या गच्चीवर सगळ्यात जवळची वस्तू, म्हणजे स्वतःचीच मोटर, तपासली नव्हती.

भाच्याच्या कार्डशीटचं सांगायचं राहिलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कार्डशीट रंगवून तयार होती: 'घणसोलीतून मोजलेली सूर्याची स्पंदने.' त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं म्हणणं, राहू दे, शाळेत कोण बघतंय. मी सांगितलं की ठरव तूच, मी पॉडकास्टवर तरी दुरुस्ती करणार आहे. शुक्रवारी रात्री तो आला आणि तीन मिनिटांच्या टायमरचा आलेख मागून घेऊन गेला. शनिवारी प्रदर्शनात दोन्ही आलेख शेजारी शेजारी होते, खाली टायमरचे आकडे, आणि मथळ्यात 'सूर्याची' वर काट मारून लाल स्केचपेनने 'आमच्या मोटरची'. बक्षीस पवनचक्कीला मिळालं. पण त्याच्या टेबलाशी गर्दी होती म्हणे, कारण तो येणाऱ्या प्रत्येकाला आधी पहिला आलेख दाखवून विचारत होता, सांगा हे कशाचे ठोके आहेत?

सध्या डिश गच्चीवरच आहे. धक्क्याची मोटर काढली, त्याऐवजी गिअर लावून सतत हळू फिरणारी बसवली. काकांच्या प्रश्नाप्रमाणे आता सूर्य मावळल्यावरही तासभर नोंद घेतो. दिवसाची रेषा जवळजवळ सपाट येते, टक्काभर खरखर. उन्हाने एलएनबी तापला की ती किंचित उतरते, तेही आता ओळखीचं झालंय. सपाट रेषेवर पॉडकास्टचा भाग होत नाही, पण एखादी मोठी सौरज्वाला आमच्या दिवसात आली तर ती एवढ्या डिशलाही दिसू शकते. तेव्हा कल्याणला बाईंना आधी आलेख पाठवीन, मग तुम्हाला सांगेन.

भेटू पुढच्या भागात.